एचआयव्ही: दोष चिंपांझीचा की किन्शासाचा?

रानवाटा (धागाकर्ता)
"एड्स माकडांमुळे आला" हे परवा एका व्याख्यानात पुन्हा ऐकलं आणि डोकं फिरलं. एक तर चिंपांझी माकड नव्हेच, त्याला शेपूट नसतं. ते सोडा. एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ, पी असे चार गट आहेत आणि प्रत्येक गट वेगळ्या वेळी माणसात शिरलाय. एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांकडून आला, तोही एकदाच नव्हे. इतक्या उड्या झाल्या, पण जगभर पसरला तो एकटा एम. त्याचं मूळ आग्नेय कॅमेरूनच्या चिंपांझींत, पण फोफावला तो काँगोतल्या किन्शासात, म्हणजे तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलमध्ये, १९२० च्या आसपास. बेल्जियन राजवट, मजुरांचे लोंढे, रेल्वे. विषाणू जंगलातला असेल, साथ वसाहतीने घडवली.

पेट्रीडिश
साफ असहमत. आपल्या पेशींत टेथरिन नावाचं प्रथिन असतं. बाहेर निघालेल्या नव्या विषाणूला ते पेशीलाच बांधून ठेवतं. चिंपांझीतला विषाणू ही दोरी नेफ या प्रथिनाने सोडवतो. पण नेफ जिथे पकड घेतो, तो पाच अमिनो आम्लांचा तुकडा माणसाच्या टेथरिनमध्ये नाहीच! मग एम गटाने व्हीपीयू हे दुसरं प्रथिन त्या कामाला जुंपलं. ओ गटाच्या व्हीपीयूला ते साधलं नाही. रेल्वेत बसायला मनाई नव्हती ना ओ गटाला?

रानवाटा
ओ राहिला मुख्यतः कॅमेरूनकडे, किन्शासासारखं जंक्शन त्याला मिळालंच नाही. आणि व्हीपीयू माणसांत फिरता फिरताच सुधारलं असणार ना? तेवढं फिरायला गर्दी कुणी जमवली?

चौकसबुवा
तुम्ही दोघं पोलिओ लशीबद्दल गप्प का? १९५० च्या दशकाअखेर काँगोत तोंडावाटे दिलेली लस चिंपांझीच्या पेशींवर वाढवली होती आणि तिच्यातूनच एचआयव्ही माणसात आला, असं वाचलंय.

पेट्रीडिश
बुवा, ते केव्हाच निकालात निघालं. किन्शासातले १९५९ आणि १९६० चे एचआयव्हीचे दोन नमुने एकमेकांपासून इतके वेगळे आहेत, की त्यांचा पूर्वज लशीच्या कितीतरी दशकं आधीचा ठरतो. शिवाय लशीच्या दाव्यात ज्यांच्याकडे बोट दाखवतात त्या काँगोतल्या किसांगानीच्या चिंपांझींतला विषाणू वेगळ्याच शाखेचा आहे.

काजूबोंड
मी दोडामार्गची. आमच्याकडे २०१६ पासून माकडताप, तोही विषाणूचाच. नाव माकडाचं, पण चावते गोचीड, आणि माकडं तर आमच्याआधी मरतात. बागेत मेलेलं माकड दिसलं की आधी कळवायचं, काजू मग. म्हणून "माकडांमुळे" या शब्दाचा मलाही राग येतो. पण रानवाटा, बागा, मजूर, रस्ते आमच्याकडेही आहेतच. तरी हा ताप माणसाकडून माणसाला जात नाही. १९५७ ला शिमोग्याकडे सापडला, अजून घाटातच आहे. विषाणूत ती धमक नसेल तर गर्दी काय करणार?

रानवाटा
हे मात्र लागलं. "साथ वसाहतीने घडवली" ऐवजी "वसाहतीने पसरवली" म्हणतो. पुढे हटणार नाही.

पेट्रीडिश
चालेल. आणि एक गंमत: चिंपांझींतला हा विषाणू दोन वेगळ्या माकडांच्या विषाणूंची भेसळ आहे. ती माकडं मारून खाताना त्यांना तो लागला असावा. म्हणजे शिकार माणसांप्रमाणे चिंपांझींनाही भोवलीच.