मदत हवी आहे: पन्नासाव्या वाढदिवसाआधी करायच्या ३१ गोष्टी, त्यातल्या कुठल्या ठेवू?

नमस्कार मंडळी,

येत्या ९ मार्चला मला पन्नास पूर्ण होतील. आज ४ जुलै, म्हणजे हातात आठ महिने आणि पाच दिवस आहेत.

गेल्या महिन्यात धाकटी बहीण सोलापूरहून आली, तेव्हा आईच्या ट्रंकेतलं एक बासन माझ्यासाठी घेऊन आली. आई जाऊन तीन वर्षं झाली. आत आजोबांचे मोडी लिपीतले कागद आहेत, एकूण चौदा पानं. आई नेहमी म्हणायची, "त्यात आपल्या विहिरीचं काहीतरी आहे." पण मोडी तिलाही येत नव्हती आणि विचारायला आता घरात कुणी उरलं नाही. आम्ही दोघी बहिणी त्या कागदांवर बोट फिरवत बसलो. एक अक्षर लागलं नाही.

त्या रात्री मी वही काढली आणि पन्नास व्हायच्या आत काय काय करून बघावंसं वाटतं ते लिहीत गेले. एकतीस गोष्टी झाल्या. लिहिताना फार आनंद झाला आणि सकाळी वाचताना छातीत धस्स झालं, म्हणून तुमच्याकडे आले.

चाळिशीलाही मी यादी केली होती. दहा किलो वजन कमी करणे, पहाटे पाचला उठणे, साखर बंद, इंग्रजी सुधारणे, कपाट आवरणे. गणपती येईपर्यंत तो कागद कुठे गेला तेही आठवेना. परवा तो सापडला. वाचताना लक्षात आलं की त्यात मला आवडणारी एकही गोष्ट नव्हती, नुसत्या माझ्यातल्या उणिवा मांडल्या होत्या. यावेळी मला तसं करायचं नाही. मला मजा यायला हवी आहे, आणि ते पूर्णही व्हायला हवं आहे.

सगळ्या एकतीस गोष्टी लिहीत नाही. ज्यांच्यावर जीव जडलाय त्या सांगते. आजोबांचं निदान एक पान स्वतः वाचणं. पोहायला शिकणं, तलावाची एक पूर्ण लांबी (मला पाण्याची भीती आहे, लहानपणी विहिरीत पडले होते). कळसूबाई. एकवीस कळ्यांचे उकडीचे मोदक. माहेरी आमच्याकडे तळणीचेच होतात आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी उकडीचे मी सासूबाईंवरच सोडत आले. पंचवीस पक्षी मराठी नावानिशी ओळखणं. संक्रांतीच्या दिवसांतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) मी शेवटचे पाहिले तेव्हा मुलगी जन्मली नव्हती. बारा जणांना हाताने लिहिलेली पोस्टकार्डं. पेटीवर एक गाणं. सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) महिन्याला एक पुस्तक आणून संपवणं. सायकल. बाकीच्यांत अष्टविनायक, हंपी, बागेतली भाजी, शिवणकाम असं बरंच आहे.

अडचणी सांगते. नाशिकला राहते. पतपेढीत नोकरी, रविवार आणि दोन शनिवार मोकळे. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, रात्री त्यांना एकटं ठेवता येत नाही. यजमानांची पाळीची नोकरी. या सगळ्यासाठी महिन्याला दीड हजार रुपये बाजूला काढू शकते. गुडघे ठीक आहेत.

किती ठेवू, कुठल्या ठेवू, आणि कुठली कधी करू? ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी कृपया अनुभवाने सांगा.

पायवाट

ताई, आधी कळसूबाई, कारण तुमच्या यादीतली ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे आणि लोक उगाच घाबरतात. उंची १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच, पण वाट मळलेली आहे आणि कातळाच्या जागी लोखंडी शिड्या आहेत. बारी गावातून सवयीच्या माणसाला तीन तास, तुम्ही चार धरा. नाशिकहून घोटीमार्गे पहाटे निघालात तर संध्याकाळी घरी, म्हणजे सासूबाईंचा प्रश्न येत नाही.

कधी जायचं ते महत्त्वाचं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुळीच नको. शिड्यांवर रांग लागते आणि ओल्या कातळावर पाय सरकतो. नवरात्रात देवीच्या दर्शनाला गर्दी असते. नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबर धरा, हवा स्वच्छ असते, वरून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. तयारी आजपासून करता येईल. पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा, न थांबता. सप्टेंबरात पाठीवर तीन किलोची पिशवी घ्या. वर पोचताना दम लागत नाही ना एवढंच बघा, घड्याळ बघू नका.

उतरताना काठी लागते. गुडघे ठीक आहेत म्हणालात, ते उतरताना कळतं.

बोरूचा टाक

तुमची गोष्ट वाचून राहवलं नाही. मी निवृत्तीनंतर मोडी शिकलो, आता सहा वर्षं झाली.

"एक पान वाचणे" हे ध्येय बदला. मोडी लिपी चार-सहा आठवड्यांत हाताला बसते, पण एखाद्या माणसाचं हस्ताक्षर वाचता येणं ही वेगळी गोष्ट आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून नवशिक्याला सगळं पान म्हणजे एकच लांबलचक शब्द वाटतो. पहिल्याच दिवशी आजोबांचा कागद समोर घेतलात तर पंधरा दिवसांत खचाल, आणि ते व्हायला नको.

असं करा. पहिले दोन महिने नुसती बाराखडी गिरवा, रोज अर्धा तास, स्वतःच्या हाताने. वाचून मोडी येत नाही, लिहून येते. दुकानाचा हिशोब, दुधाची नोंद, सगळं मोडीत लिहा. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात, जवळपास कधी आहे ते विचारून ठेवा. मग आजोबांच्या कागदात ओळखीचे शब्द शोधायला बसा, अख्खं वाक्य नाही. जमिनीचा किंवा विहिरीचा कागद असेल तर "मौजे" हा शब्द जवळजवळ नक्की असणार आणि त्याच्यापुढे गावाचं नाव. गाव तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तेवढी अक्षरं फुकट मिळाली. तसंच "बिन" शोधा. त्याच्या अलीकडे मुलाचं नाव, पलीकडे बापाचं. आजोबा आणि पणजोबांची नावं ठाऊक आहेत ना? झालं. आकडे तर देवनागरीसारखेच असतात, त्यामुळे साल लवकर लागतं. साल शकाचं असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन मिळतं.

ध्येय असं लिहा: "९ मार्चच्या आत आजोबांचं नाव, गाव आणि विहीर हे तीन शब्द मी स्वतः शोधीन." पुढचं आपोआप होतं.

आणि एक विनंती. ते कागद लॅमिनेट करू नका, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, घडी पडली आहे तिथे परत परत उघडू नका. दिवसाच्या उजेडात खिडकीशी ठेवून फोटो काढा आणि फोटोवरच सराव करा. मूळ बासन सुती कापडात कोरड्या जागी ठेवा.

गूळखोबरं

मोदकांचं मी सांगते. मार्चपर्यंत आठ संकष्ट्या मिळतील, दर संकष्टीला करायचे. वेगळा दिवस काढायला लागत नाही, नैवेद्य होतो आणि सासूबाई शेजारी बसून सांगतात.

आंबेमोहोराची पिठी, जितकी पिठी तितकंच पाणी, पाण्यात चमचाभर लोणी आणि मीठ. उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची, तिथे आळस केला की कळी फाटते. पहिल्या संकष्टीला सात कळ्या, मग नऊ, मग अकरा. कळी कडेला चिमटीत धरून पाडायची आणि बोट आतून पारीच्या तळापर्यंत न्यायचं. एकवीस हा आकडा पारी पातळ झाल्यावर जमतो, बोटं जलद चालवून जमत नाही. पुढच्या गणपतीला नातवंडं मोजून बघतील!

सायकल आणि पेटी यावर्षी नको असं माझं मत. दोन्हींना रोजचा वेळ लागतो आणि तुमचा रोजचा वेळ मोडी घेणार आहे.

काठावरची

मी ४६व्या वर्षी पोहायला शिकले. मलाही विहिरीचीच भीती होती.

पूर्ण लांबी हे शेवटचं. त्याआधीची चार ध्येयं वेगळी लिहा आणि प्रत्येक झाल्यावर खूण करा: पाण्यात तोंड बुडवून नाकाने श्वास सोडणे, कठडा धरून पाय मारणे, कठडा सोडून पोटावर तरंगणे, तरंगत असताना परत उभं राहता येणे. भीती जाते ती या चौथ्या गोष्टीने. बुडण्यापेक्षा पाय कुठे टेकवायचे ते कळत नाही याची आपल्याला भीती असते, हे मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पाच दिवस आम्ही फक्त उभं राहायला शिकलो.

महिलांची वेगळी वेळ कुठे आहे ते बघा आणि पहिल्या दिवशीच भीतीचं सांगून टाका. नाशिकची थंडी नोव्हेंबरात सुरू झाली की पहाटे पाण्यात उतरवत नाही, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर हाच काळ. मार्चपर्यंत लांबी झाली नाही, पण तरंगता आलं, तरी मी ते पूर्ण धरीन.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. गूळखोबरं ताई, त्या म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं वाट बघितली, आता आठ संकष्ट्या काय."

एकतीसच्या आठ केल्या. सायकल, पेटी, हंपी, शिवण काढताना वाईट वाटलं, पण त्यांच्यासाठी वहीचं वेगळं पान केलंय, एक्कावन्नाव्यासाठी.

पक्ष्यांसाठी हिवाळा धरला आहे. नांदूर मध्यमेश्वर घरापासून तासाभरावर असून मी एकदाही गेलेली नाही, ही मला खरोखर खंत आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं ते पाणी, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा. शेजारच्या काकांनी चापडगावच्या मनोऱ्यावरून काय दिसतं त्याची नावं लिहून दिली: शेकाट्या, थापट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, आणि एक काळा, पांढऱ्या कपाळाचा, त्याचं नाव वारकरी! आषाढात हे नाव कळलं म्हणून इतका आनंद झाला. पंचवीसपैकी खंड्या, धोबी, बुलबुल असे अकरा मला आधीच येतात, म्हणजे चौदाच नवे हवेत.

पोस्टकार्डं लगेच सुरू केली. पन्नास पैशांना एक, बाराचे सहा रुपये झाले. पहिलं शाळेतल्या बाईंना पाठवलं.

सोलापूरला संक्रांतीत जायचं तर दोन रात्री लागतात, तेवढं एकच अडलं आहे. नणंदेला विचारते.

मूळ लेखिका (२२ नोव्हेंबर)

कुणी विचारलं होतं म्हणून कळवते.

तरंगता येतं. लांबी होत नाही, निम्म्यात श्वास तुटतो, थंडीमुळे आता फेब्रुवारीत बघीन. मोदक पाच संकष्ट्यांत पंधरा कळ्यांपर्यंत आले. सप्टेंबरचे सगळे फुटले होते, पिठी जुनी होती. पोस्टकार्डं नऊ गेली आणि चार उत्तरं आली. बाईंचं उत्तर दोन्ही बाजूंनी भरून होतं, पत्त्याच्या कडेनेही लिहिलं होतं. नणंद संक्रांतीला चार दिवस इथे येऊन राहणार आहे, मी आणि बहीण यात्रेला एकत्र जाणार. पुस्तकं दोन महिने राहिली, त्याचं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. बोरूचा टाक काका, "मौजे" सापडलं. गाव सापडलं. "बिन" दोन ठिकाणी आहे आणि पहिल्याच्या अलीकडे आजोबांचं नाव आहे, ते मी कुणालाही न विचारता वाचलं. त्या रविवारी दुपारी मी फोनवर बहिणीशी बोलूच शकले नाही, नुसती रडत होते. आणि सहाव्या ओळीत "विहीर" आहे. आई बरोबर सांगत होती. त्याच्यापुढे "पाणी" आणि मग "चवथा" लागतंय. "चवथा"नंतर मला दोन अक्षरं दिसतात, पहिलं भ आहे की म ते ठरत नाही. भ असेल तर "भाग" होईल का? फोटो मोठा करून खाली जोडते, फक्त तेवढं पहिलं अक्षर सांगा, पुढचं मी लावते.

पायवाट दादा, कळसूबाईला १४ डिसेंबर ठरवला आहे. बारीत पहाटे चहा मिळतो का?