बाळाला शेपटी : पूर्वजांची खूण की नुसता जन्मदोष?

चिंचोका :
मावसबहिणीच्या बाळाला माकडहाडापाशी बोटाच्या पेराएवढी मऊ शेपटी आहे. रडताना किंचित वळतेसुद्धा. बारशाला आजेसासूबाईंनी तिला शेंदराचं बोट लावलं, ‘मारुतीराया आला’ म्हणून. डॉक्टर म्हणतात, आधी पाठीचा एमआरआय, मग कापायचं बघू. माझं म्हणणं, हा ना देव ना आजार. आईच्या पोटात पाचव्या आठवड्यात आपण सगळेच शेपटीवाले असतो, आणि आठव्यापर्यंत ती विरते. एखाद्याची विरायची राहते, इतकंच. हाडाचं नावच माकडहाड आहे, आणखी काय पुरावा हवा?

खडूस :
विरायची राहिली तर आत मणके कुठायत? माकडाची शेपूट म्हणजे कण्याचंच लांबलेलं टोक. अशा बाळांच्या शेपटीत निघते चरबी, थोडे स्नायू, रक्तवाहिन्या, नसा. मणके जवळजवळ कधीच नाहीत. (वळते ती त्या स्नायूंमुळे.) आणि कितीतरी बाळांत तिच्याखाली मणका नीट मिटलेला नसतो, किंवा मज्जारज्जू खाली चिकटलेला असतो. बाळ वाढतं तसा तो ताणला जातो. मग पायातली ताकद जाते, लघवीवरचा ताबा जातो. एमआरआय त्यासाठी. ‘पूर्वजांची खूण’ ही शेंदराचीच इंग्लिश मीडियम आवृत्ती आहे, राग मानू नका.

रानजाई :
शेपटीचं पटलं, पण म्हणून सगळंच मोडीत काढू नका. 1919 साली कॅनडात व्हँकुव्हर बेटाजवळ मारलेल्या एका हंपबॅक देवमाशाला चारेक फुटांचे मागचे पाय होते, आत हाडं होती. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे, मग त्या पायांना काय म्हणाल, गाठ?
आमच्या ह्यांना छातीखाली एक ‘तीळ’ होता. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कळलं, तिसरं स्तनाग्र आहे. ही जादा स्तनाग्रं बहुतेक वेळा बगलेपासून जांघेपर्यंतच्या रेषेवरच येतात. कुत्रीची सडं कुठे असतात ते आठवा.

खडूस :
देवमासा मान्य. ह्यांचा तीळ निम्मा मान्य. ती रेषा गर्भात आजही उमटते, तेव्हा जुनं काही परत आलं की रोजचंच पुसायचं राहिलं, हे ठरवणार कसं?

चिंचोका :
मग ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातलं 2024 चं संशोधन घ्या. शेपूट घडवण्यात हात असलेल्या टीबीएक्सटी जनुकात अलू नावाचा डीएनएचा एक तुकडा घुसला, आणि सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या वानर पूर्वजांची शेपूट गेली, असा अंदाज आहे. उंदरांत तसाच बदल केला तर आखूड शेपटीची, बिनशेपटीची पिल्लं झाली. म्हणजे शेपटीचा कारखाना अजून आत आहे, फक्त कुलूप लागलंय.

खडूस :
पुढचं वाचलंत का? त्यातल्या काही पिल्लांचा कणाही नीट मिटला नव्हता. शेपूट घालवणारी आणि कणा बंद करणारी यंत्रणा शेजारी-शेजारी राहतात, इतकंच त्यातून दिसतं. तुमच्या बाळाचं कुलूप उघडलं की दार मोडलं, ते एमआरआयवाला सांगेल. कधी आहे?

चिंचोका :
मंगळवारी. आजेसासूबाई शनिवार म्हणतायत, मारुतीचा वार.

रानजाई :
मंगळवारीच न्या. शनिवारी तेल वाहा.