हरणांची संख्या कमी केल्यावर उरलेली हरणे कुठे जातात?

नीलिमा_मुलुंड:
नमस्कार. माझा भाऊ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतो. तेथील रानातल्या हरणांमध्ये 2002 साली ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदू पोखरणारा असाध्य रोग आढळला आणि त्यानंतर काही भागांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या शिकारीच्या मार्गाने मुद्दाम कमी करण्याचे प्रयत्न झाले. त्याच्या शेजारपाजारचे काही लोक म्हणतात की याचा उलटाच परिणाम होतो, कारण रिकाम्या झालेल्या जागेत भोवतालची हरणे येतात आणि वाचलेली हरणे बिथरून लांबवर पांगतात. या दोन्ही दाव्यांत तथ्य किती आहे? आमची वसाहत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत असल्यामुळे आणखी एक प्रश्न पडतो. बिबट्यांमुळे किंवा भटक्या कुत्र्यांमुळे उद्यानातील चितळ घटले, तर उरलेले चितळ जागा बदलतील का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवाट:
नीलिमाताई, दोन्ही दावे वेगवेगळे तपासावे लागतील, कारण त्यांमागची कारणे वेगळी आहेत.

आधी रिकाम्या जागेविषयी. पांढऱ्या शेपटीच्या हरणांमध्ये माद्या सहसा जन्मस्थळाजवळच राहतात. आईच्या वावरक्षेत्राला, म्हणजे ती नेहमी फिरते त्या भागाला, लागून मुलीचे, तिच्याशेजारी नातीचे, अशी ती क्षेत्रे एकमेकांवर थोडी थोडी चढत पसरत जातात. या रचनेवरूनच न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरोंडॅक पर्वतात काम करणाऱ्या संशोधकांनी 1990 च्या दशकात ‘गुलाबाच्या पाकळ्यां’चे गृहीतक मांडले. एका कुळातील माद्या काढून टाकल्या, तर शेजारच्या कुळातील माद्या आपले क्षेत्र सोडून तेथे येणार नाहीत आणि ती जागा काही वर्षे विरळच राहील, असा त्याचा आशय होता. तसा प्रयोग तेथे प्रत्यक्ष करण्यात आला, तेव्हा शेजारच्या माद्यांनी आपली क्षेत्रे त्या बाजूला सरकवली नाहीत. माद्यांच्या बाबतीत तरी ‘जागा रिकामी झाली की लगेच भरते’ हे विधान सरसकट खरे नाही, असे मी म्हणेन. तेथील जंगल सलग आहे आणि हरणांची घनता कमी आहे, ही मर्यादा मात्र विसरता येणार नाही. उपनगरांत किंवा शेतजमिनीच्या पट्ट्यात, जेथे हरणे दाटीने राहतात, तेथे हाच निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला धोक्याचे वाटते.

नरांची गोष्ट निराळी आहे. बरेचसे तरुण नर साधारण वर्षा-दीड वर्षाचे झाले की जन्मक्षेत्र सोडून काही किलोमीटर दूर जातात, आणि जंगल जितके विरळ तितके हे अंतर वाढते. रोग नव्या भागात पोहोचवण्याच्या दृष्टीने हाच प्रवास सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याबाबत 1992 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. ज्या नर पाडसांच्या आया काढून टाकल्या होत्या, त्यांपैकी अडीच वर्षांच्या वयापर्यंत केवळ 9 टक्के नर जन्मक्षेत्र सोडून गेले. आई हयात असलेल्या नरांमध्ये हेच प्रमाण 87 टक्के होते. आई आणि कुळातील इतर माद्या तरुण नराला हुसकावतात आणि त्या नसल्या की तो तेथेच थांबतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे किती हरणे कमी केली यापेक्षा कोणती कमी केली, यावर उरलेल्यांचे चलनवलन अधिक अवलंबून असते.

शशांक_दादर:
वरील प्रतिसादाला थोडी जोड देतो. हरणे बिथरून पांगतात ही भीती बऱ्याच अंशी ब्रिटनमधील बॅजर या प्राण्याच्या अनुभवातून आली असावी. बॅजरमुळेही पसरणारा गुरांचा क्षयरोग रोखण्यासाठी तेथे 1998 ते 2005 या काळात बॅजर मारण्याची मोठी चाचणी झाली. तीत असे दिसले की ज्या क्षेत्रात बॅजर मोठ्या प्रमाणावर मारले तेथे गुरांमधील रोग घटला, पण त्या क्षेत्राच्या लगत बाहेर तो वाढला. वाचलेले बॅजर आपल्या गटाच्या हद्दी सोडून अधिक फिरू लागले, हे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण होय. मात्र बॅजर हद्दी राखून गटाने राहणारा प्राणी आहे. हरणांची समाजरचना तशी नाही. त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्यावर लादण्यापूर्वी हरणांवरचा पुरावाच पाहिला पाहिजे.

शिकार चालू असताना हरणे हलतात हे खरेच आहे. ती दिवसा दाट झाडीत बसून राहतात, रात्री चरतात, आणि जवळपास शिकारबंदी असलेली जागा असेल तर तिचा आसरा घेतात. परंतु हा भीतीपोटी केलेला तात्पुरता बदल असतो आणि बरीच हरणे पुढे आपल्या ओळखीच्या क्षेत्रात परततात. दीर्घकाळ टिकणारा बदल घनतेशी जोडलेला आहे. स्वीडन आणि फ्रान्समधील रो हरणांच्या दीर्घ अभ्यासांत घनता वाढली तसे प्रत्येकाचे वावरक्षेत्र आक्रसले, आणि घनता कमी असताना ते मोठे राहिले. तेव्हा संख्या घटल्यावर उरलेले प्रत्येक हरीण आपल्याच परिसरात थोडे अधिक फिरू लागले, तर त्याला पळून जाणे म्हणू नये.

अनघा_बोरिवली:
नीलिमाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते, कारण तो आपल्या दाराशी आहे.

चितळांना पाकळ्यांचे गृहीतक लावण्याआधी फार जपावे लागेल. चितळांचे कळप सैल असतात. सकाळी एकत्र चरणारे चितळ संध्याकाळी वेगवेगळ्या कळपांत दिसू शकतात. आई आणि पाडस यांची जोडी सोडली तर कळपात कायमचे असे फारसे काही नसते. शिवाय नरांची शिंगे आणि माजाचा काळ एकाच ऋतूत बांधलेला नसतो. त्यामुळे ‘एक कूळ काढले की एक जागा रिकामी झाली’ हा हिशेबच येथे नीट बसत नाही.

चितळ मुद्दाम कमी करण्याचा मोठा अनुभव हवाई बेटांवर आहे. 1868 साली तेथील मोलोकाई बेटावर आपलेच चितळ नेऊन सोडले गेले आणि पुढे ते इतर बेटांवरही पोहोचले. खाणारा नैसर्गिक शत्रू नसल्यामुळे ते बेसुमार वाढले. तेथे जंगल वाचवण्याचे काम करणारे लोक आधी कुंपण घालतात आणि मगच आतील प्राणी काढतात, कारण कुंपण नसेल तर बाहेरचे चितळ पुन्हा आत येतात.

आपले उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे आणि तीन बाजूंनी त्याला शहराने वेढले आहे. उत्तरेला घोडबंदर रस्ता आडवा येतो, त्यापलीकडे नागला वनखंड, मग वसईची खाडी आणि त्यानंतर तुंगारेश्वर अभयारण्य. पांगणाऱ्या तरुण नराने जायचे म्हटले तरी वाट कोणती? बिबट्याने वर्षभर थोडे थोडे चितळ मारणे आणि माणसाने काही आठवड्यांत शेकडो हरणे काढणे यांत मोठा फरक आहे, कारण बिबट्या तेथे कायम असतो आणि चितळ त्याच्या सावटाखालीच आपल्या जागा ठरवतात. कुत्र्यांचा उपद्रव मला अधिक चिंतेचा वाटतो. ती टोळीने आणि दिवसाउजेडीही पाठलाग करतात, विशेषतः वस्तीच्या कडेला. त्यामुळे चितळ मुलुंडकडे सरकण्याऐवजी कडेची कुरणे सोडून आत जातील, अशी शक्यता मी जास्त मानते.

नीलिमा_मुलुंड:
तिघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. मध्य प्रदेशात पेंचमधून सातपुड्यात चितळ हलवले गेले, असे वाचले होते. अशा वेळी मागे राहिलेल्या चितळांवर काय परिणाम झाला, हे कसे मोजतात?

रानवाट:
तेथे ‘बोमा’ पद्धत वापरतात. नरसाळ्याच्या आकाराचे आडोसे उभारून कळप हळूहळू आत वळवला जातो आणि थेट वाहनात चढवला जातो. मागे राहिलेल्यांवरचा परिणाम मोजायचा असेल, तर चितळ पकडण्याच्या पुष्कळ आधीपासून काही माद्यांना आणि तरुण नरांना रेडिओ कॉलर लावून त्यांची वावरक्षेत्रे नोंदवावी लागतात. शिवाय जेथून काहीच प्राणी काढलेले नाहीत अशा शेजारच्या भागातही त्याच काळात तशीच नोंद ठेवावी लागते. हा दुसरा भाग वगळला, तर पाऊस कमी झाल्यामुळे किंवा पाणवठा आटल्यामुळे झालेली हालचालही संख्या घटवल्याच्या खात्यावर जमा होते. केवळ नंतरच्या काळात लावलेल्या कॅमेऱ्यांवरून काढलेल्या निष्कर्षांवर म्हणूनच मी फार भिस्त ठेवत नाही.