सोडियम 166: मीठ जास्त गेले की पाणी कमी पडले?

अक्षताची मावशी:
माझ्या बहिणीचा अकरा महिन्यांचा मुलगा जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल आहे. घरी दीड दिवस त्याला जलसंजीवनी (ओआरएस) पाजली, परंतु बहिणीच्या सासूबाईंनी एक लिटर पाण्यासाठी असलेला मोठा पुडा प्रत्येक वेळी फुलपात्रभर पाण्यात कालवला आणि असे दोन पुडे संपले. बाळ किरट्या आवाजात रडत फुलपात्राकडे झेपावत होते, म्हणून तेच पाणी पुन्हा दिले गेले. पहाटे झटका आला. सोडियम 166 निघाले. डॉक्टरांनी लघवीचा नमुना लगेच मागितला, लसीकरणाच्या कार्डावरचे वजन पाहिले आणि कोणी काय पाजले हे तीनदा विचारले. सासूबाईंना ती उलटतपासणी वाटली. जुलाब होतेच, मग एवढी चौकशी कशासाठी?

बालरोगतज्ज्ञ, सांगली:
ताई, रक्तातले सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असावे लागते. ते वाढण्याच्या वाटा दोनच आहेत, शरीरातले पाणी गेले किंवा बाहेरून मीठ आले, आणि रक्ताचा आकडा त्यांतली कोणती हे सांगत नाही. ते वजन सांगते. नऊ किलोच्या बाळात साधारण 5.4 लिटर पाणी असते. निव्वळ पाणी जाऊन सोडियम 140 वरून 166 वर पोहोचायचे, तर सुमारे 850 ग्रॅम वजन घटायला हवे, आणि जुलाबांतून मीठही जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. याउलट ओआरएसच्या एका मोठ्या पुड्यात 75 मिलिमोल सोडियम असते, म्हणजे एक पुडा पुरेशा पाण्याविना पोटात गेला तर आकडा सुमारे 14 ने वर जातो. दोन पुड्यांचा हिशेब तुम्हीच करा.

लघवीचे कारणही तेच. पाणी आटलेल्या बाळाचे मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, त्यामुळे गाळलेल्या सोडियमपैकी बहुधा एक टक्क्याहूनही कमी बाहेर पडते. मीठ जास्त झाले असेल तर ते दोन टक्क्यांच्या वर जाते. हे प्रमाण काढायला एकाच वेळी घेतलेल्या रक्तात आणि लघवीत सोडियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) दोन्ही मोजावे लागतात. सलाईन सुरू झाल्यावर हे चित्र गढूळ होते, म्हणून घाई. मात्र नमुन्यासाठी उपचार थांबवत नाहीत. मूत्रपिंडालाच इजा झाली असेल, तर या आकड्यावर एकट्याने विसंबता येत नाही.

वाचक, पुणे:
मग भरपूर पाणी देऊन सोडियम लगेच खाली का आणत नाहीत?

बालरोगतज्ज्ञ, सांगली:
मेंदूच्या पेशी एक-दोन दिवसांत वाढलेल्या सोडियमशी जुळवून घेतात; त्यानंतर पाणी झपाट्याने आत शिरले तर मेंदूला सूज येते आणि पुन्हा झटके येतात. म्हणून ताशी 0.5 पेक्षा वेगाने, दिवसाला 10 ते 12 पेक्षा जास्त उतरवत नाहीत.

निवृत्त परिचारिका:
अशा बाळांच्या पोटाची कातडी चिमटीत धरली तर मळलेल्या कणकेसारखी लागते, चटकन सैल पडत नाही, त्यामुळे पाणी आटलेले असले तरी वरवर पाहणारा फसतो. चौकशीबद्दल सांगायचे तर माझा अनुभव असा, की ‘कोणी पाजले’ असे विचारले की घरचे गप्प होतात, पण ‘रिकामा पुडा आणि भांडे घेऊन या’ म्हटले की सगळे उलगडते. दोनशे मिलिलिटरचे छोटे पुडेही बाजारात मिळतात आणि पुड्यावरची अक्षरे इतकी बारीक असतात, की चष्म्याशिवाय माझाही गोंधळ होईल. विषारी काही गिळलेल्या मुलाला उलटीसाठी मिठाचे पाणी पाजणारी घरेही मी पाहिली आहेत. तेही इतकेच घातक आहे.

अक्षताची मावशी:
कार्डावर आठ दिवसांपूर्वीचे वजन 9 किलो होते, दाखल करताना 8.9 भरले. आज दोन दिवसांनी सोडियम 147 आहे आणि त्याने आईला ओळखले. फुलपात्र मी घरी मापून पाहिले. काठोकाठ भरल्यावर त्यात 210 मिलिलिटर पाणी मावते.