मदत हवी आहे : आयसीयूत कोलिस्टिन की महागडी जोडी?

घोडबंदरकरीण :
मंडळी, घाईत लिहितेय. सासरे (वय ७१, मधुमेह) ठाण्यातल्या एका रुग्णालयात न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर आहेत. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू असतानाच ताप परत चढला. श्वासनळीतला स्राव कल्चरला पाठवला, त्यात क्लेब्सिएला हा जंतू निघाला. मेरोपेनेमसकट जवळपास सगळ्या अँटिबायोटिकांपुढे 'आर' (म्हणजे जंतू दाद देत नाही), कोलिस्टिनपुढे 'आय'.

डॉक्टर म्हणतात, एक तर कोलिस्टिन द्यायचं, जे स्वस्त आहे पण किडनीला जड (क्रिएटिनिन आत्ताच २.१ आहे!), नाहीतर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि सोबत अझट्रिओनाम. दुसऱ्याचा रोजचा खर्च ऐकून नवरा गप्पच झाला. विमा संपत आलाय. वर "घरच्यांनी ठरवून सांगा". आम्ही कशाच्या जोरावर ठरवणार? निदान काय विचारायचं ते तरी सांगा. आणि 'आय' म्हणजे औषध चालणार की नाही?

वाशीची_लॅबवाली :
मी मायक्रोबायोलॉजीत आहे. पेशंट पाहिलेला नाही, म्हणून अमुकच द्या असं सांगणार नाही. 'आय'ने (इंटरमीडिएट, म्हणजे मधलं) घाबरू नका, पण खूशही होऊ नका. सीएलएसआयने (अशा रिपोर्टांचे निकष ठरवणारी अमेरिकन संस्था) २०२० मध्ये कोलिस्टिनचा 'एस' (औषध चालतं) काढूनच टाकला, त्यामुळे त्या पद्धतीच्या रिपोर्टात 'आय'पेक्षा बरं काही येतच नाही. फुप्फुसात ते तसंही नीट पोचत नाही.

खरा प्रश्न हा विचारा : कार्बापेनेमेझचं (मेरोपेनेमसारखी औषधं तोडणाऱ्या एन्झाइमचं) जनुक कोणतं? आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ हे त्याचे दोन्ही प्रकार सापडतात, कधी एकाच जंतूत. नुसतं ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम एकटं पुरू शकतं, अझट्रिओनामचे पैसे वाचतील. एनडीएमपुढे मात्र ते एकटं हरतं. अझट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही, पण जंतूकडची बाकीची एन्झाइम तोडतात, आणि त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम आवरतं. म्हणून जोडी, तीही एकाच वेळी चढवलेली. कल्चरच्या प्लेटवर जंतू वाढलेला असेल तर ही तपासणी त्याच दिवशी होते.

आणखी एक. नळीतल्या स्रावात क्लेब्सिएला आजार न करता नुसता वस्तीलाही असतो. एक्स-रे बिघडलाय का, ऑक्सिजन वाढवावा लागलाय का, रक्ताचं कल्चर काय म्हणतं? ताप सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) तर नाही ना?

घोडबंदरकरीण :
ताई, खूप आभार. रिपोर्टात जनुकाचं अक्षरही नाही. एक्स-रे बिघडलाय म्हणाले, लाइनबद्दल कुणी बोललंच नाही. सकाळच्या राउंडला दोन्ही विचारते. ठाणे-नवी मुंबईत दुसऱ्या रुग्णालयात येऊन पेशंट बघणारे संसर्गरोगतज्ज्ञ कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. इथल्या डॉक्टरांची हरकत नाही, विचारलंय.