तोतया फौजी : चोपायचा की ठाण्यात न्यायचा?

दत्ता, अंबाजोगाई : सकाळपासून सगळ्या ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. "तोतया फौजी दिसला की बिल्ले उपटा, कानाखाली द्या, व्हिडिओ टाका." खाली नुसते जय हिंद. अहो, खरा कोण, खोटा कोण, हे स्टँडवरची गर्दी ठरवणार? आमचे मामा फौजेतून नायक हुद्द्यावर पेन्शनवर आले. जुनी कॉम्बॅट पँट घालून रात्री पाणी द्यायला जातात. उद्या त्यांनाच धरलं तर? न्याय संहितेत कलम 168 आहे. सैनिक भासावं म्हणून वेश घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 112 लावा अन् बाजूला व्हा.

माजी हवालदार, उदगीर : 2000? एवढे तर वरातीत बँडवाल्यावर ओवाळून टाकतात लोक! मागच्या 26 जानेवारीला आमच्याकडं असाच एक पाहुणा मंचावर बसवला. बाहीवर हवालदाराच्या तीन फिती अन् खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे! सरपंचानं शाल पण घातली. मी कान धरून खाली उतरवला. बिलकुल पस्तावा नाही.

सुनीता, परभणी : काका, कान धरून काय झालं? गेला असेल दुसऱ्या तालुक्यात. आमच्या चुलत बहिणीची सोयरीक असल्याच एकाशी जुळली होती. रायफलसोबत फोटो, पोस्टिंग काश्मीर. सुपारी फुटल्यावर चुलत्यांनी युनिटचा पत्ता मागितला तर म्हणे गोपनीय आहे. फौजीच्या घरात 56 एपीओचा, म्हणजे फौजी टपालाचा, पत्ता लेकरांना पण पाठ असतो! गावानं चोपला, व्हिडिओ फिरवला. त्यात बहिणीचं नाव आलं. तो मोकळा फिरतोय, स्थळं येईनात तिला.

बाळू, जालना : मूळ दुखणं फौज भरतीच्या अकॅडम्यांचं आहे, त्यावर कुणी बोलत नाही. फी भरली की पहिल्याच दिवशी चट्ट्यापट्ट्याचा ड्रेस अन् फोटो. कोरोनात भरती मेळावे जवळपास थांबले, 2022 ला अग्निवीर आलं, वयाची अट 21, फक्त त्या वर्षी 23. पोरं वयाबाहेर गेली. गावात तर 'फौजी' नाव पडलेलं. कोणत्या तोंडानं घरी जायचं?

लातूरचा मास्तर : अकॅडमी मी चालवतो. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर पळवून घेतो, वर्दी वाटत नाही. टी-शर्ट घातला म्हणून गुन्हा होतो का? पोराला मोबाईलवरून उठवून मैदानावर आणून दाखवा एकदा, मग शिकवा.

बाळू, जालना : टी-शर्टवर 'कमांडो' कोण छापतं मग?

लातूरचा मास्तर : तुमच्या गाडीवर 'आर्मी' कोण छापतं?

बाळू, जालना : भाऊ सर्व्हिसला आहे माझा.

लातूरचा मास्तर : गाडी तर तुम्ही चालवता.

दत्ता, अंबाजोगाई : अरे, विषय काय चाललाय! फोटोसाठी मिरवणारं पोरगं वेगळं अन् "पाच लाख द्या, मेडिकलचं मी बघतो" म्हणणारा वेगळा. तिथं तोतयेगिरीनं फसवणूक, कलम 319, पाच वर्षांपर्यंत. पण चोपून सोडला की फिर्याद कोण देतं? पैसे गेलेला बाप तर लाजेनं गप्पच बसतो.

माजी हवालदार, उदगीर : बरं, व्हिडिओ नको. हे सुनीताताईमुळं म्हणतो, तुझ्या कलमांमुळं नाही. कान मात्र धरणार.

दत्ता, अंबाजोगाई : धरा. दुखापतीचं कलम 115 पण वाचून ठेवा.

लातूरचा मास्तर : बाळूशेठ, स्टिकरचं उत्तर राहिलं.