जीएल-५ 'वरचा' ग्रेड, मग तोच का नको?

जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे ग्रेड. जीएल-५ हा जीएल-४ पेक्षा वरचा, म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही तोच टाकावा, असा मुद्दा मांडला जातो. तो पटत नाही. जीएल-५ मुख्यतः मागच्या अ‍ॅक्सलमधल्या हायपॉइड गिअर्ससाठी (ज्यांचे अक्ष एकमेकांपासून सरकवलेले असतात) आहे. तिथे दातांवर घसरण आणि दाब प्रचंड, म्हणून त्यात दातांचं रक्षण करणारी गंधक-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह्ज जास्त असतात. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणारा भाग) रिंगा बहुधा पितळेच्या. ही अ‍ॅडिटिव्ह्ज त्यांना खाऊ शकतात. शिवाय सिंक्रोला वेग जुळवायला थोडं घर्षण हवंच असतं. तेल फार निसरडं झालं की गिअर पडताना करकरतो. पुढची चाकं चालवणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाडीत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) गिअरबॉक्समध्येच असला तरी त्याचे गिअर सहसा हेलिकल (साधे, तिरक्या दातांचे) असतात, त्यामुळे तिथेही जीएल-५ ची गरज नसते.

डब्यावर ७५डब्ल्यू-९० हा जाडीचा आकडा बघून घाबरू नका, गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. ते जाडीला साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच भरतं.

काही गिअरबॉक्सना तर एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, तेव्हा गाडीची माहितीपुस्तिका आधी बघा. आणि हो, तेल काढण्यापूर्वी भरायचा बोल्ट सुटतोय ना, ते तपासा!